येळवसाची हाक

सालगडी बदलायचा तो पाडव्याला. मधेच, तेही तुरी काढणीला आलेल्या असताना, सालगड्याला रानातून हाकलणारा शेतकरी एक तर वेडा असतो, नाहीतर त्याच्या घरात काहीतरी जळत असतं. ग्यानोबा वेडा नाही हे गावाला चांगलं माहीत होतं. म्हणून गाव वास घेत फिरू लागलं, आणि गावाचं नाक मोठं तिखट असतं.

साहेबराव नऊ वर्षं ग्यानोबाच्या रानात राबत होता. बैलांची वैरण, हरभऱ्याचं पाणी, स्प्रिंकलरचे पाईप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात नेणं, सगळं त्याच्याकडे. तो गेला आणि त्याची नऊ वर्षं एका दिवसात ग्यानोबाच्या घराच्या अंगावर कोसळली. ग्यानोबाच्या कंबरेत दुसऱ्याच दिवशी उसण भरली. थोरला पोरगा हरिओम होता, पण त्याला मोटारसायकल आणि मोबाईल सोडून कुठलंच हत्यार नीट धरता येत नव्हतं. राहिल्या बायको केवळाबाई आणि पोरगी तनुजा. रेणापूरच्या कॉलेजात बारावीला असलेल्या तनुजाचं कॉलेज बंद करून तिच्या हातात इळा देण्यात आला. मोबाईल आधीच काढून घेतला होता.

गुन्हा काय, तर ती पाणी प्यायली होती.

सकाळच्या एस.टी.ला फाट्यावर नुसती झुंबड असे. साहेबरावाचा पोरगा प्रेम त्याच गाडीनं लातूरला आयटीआयला जायचा, वायरमनच्या ट्रेडला. तनुजाहून वर्षानं मोठा. तो खिडकीतून दप्तर आत टाकून जागा धरायचा आणि धरलेल्या जागेवर तनुजाला बसवून स्वतः दांडीला लोंबकळायचा. नोव्हेंबर सरताना एकदा गाडी भर उन्हात बंद पडली. तनुजाला भोवळ आली, प्रेमनं आपली बाटली पुढं केली. वरून धार धरून प्यायली असती तर कदाचित खपलंही असतं. तिनं बाटलीला तोंड लावलं. प्यायली, तोंड पुसलं, आणि त्याच बाटलीतून मग तोही प्यायला. मागच्या बाकावर गावातलं कुणीतरी होतंच. संध्याकाळी हरिओमला ही बातमी चहाच्या हॉटेलात मिळाली, आणि ती देणाऱ्यानं तिला चांगला मीठमसाला लावला होता.

खरी गोष्ट त्याहून जुनी आणि त्याहून साधी होती. दोन वर्षांपूर्वी पाईप बदलायला साहेबरावाबरोबर प्रेम येई, तेव्हा तनुजा डबा घेऊन जायची. एकदा त्यानं सहज विचारलं, तुला पुढं काय व्हायचंय. तनुजाला उत्तर देता येईना. उत्तर नव्हतं असं नाही, तर हा प्रश्नच तिला जन्मात कुणी घातला नव्हता. घरात विचारायचे ते भाकरी झाली का, शेळीला पाला टाकला का, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर दिलं, मला लाईटच्या पोलवर चढायचंय. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं मोटारीच्या पेटीचं झाकण उघडून कुठली तार कुठं जाते ते दाखवलं. त्या दिवशी तनुजा त्याच्या प्रेमात पडली, आणि पडली ती पडलीच.

हरिओमनं दोघा मित्रांना घेऊन प्रेमला फाट्यावर गाठलं. भुवई फुटली. बौद्ध वस्तीतली पोरं म्हणाली, चला ठाण्यात, सोडायचं नाही. साहेबरावानंच हात जोडले. त्याचं एक एकर रान ग्यानोबाच्या रानाच्या पलीकडं होतं आणि तिथं जायची पायवाट ग्यानोबाच्या बांधावरून होती. खटला उभा राहील, पण तोवर पिकाकडं जायचं कुठून, हा त्याचा हिशेब. गरिबाचं शहाणपण नेहमी असं कुणाच्या तरी बांधावर अडकलेलं असतं. प्रेमला त्यानं नांदेडला धाकट्या भावाकडं धाडायचं ठरवलं. आनंदराज तिथं रेल्वेत होता.

जायच्या आधी प्रेम भर दुपारी विहिरीवर आला. भुवईवर पट्टी, खांद्यावर दप्तर. त्यानं फार पाल्हाळ लावला नाही. म्हणाला, "चल. काका सोय करंल आपली."

तनुजा तुरीच्या पेंढ्या बांधत होती. तिनं हातातलं आळं, पेंढीचा बंध, ओढून घट्ट केलं आणि मगच मान वर केली.

"मला अजून अठरा न्हाईत. पळालो की तू जेलात जाशील अन् मी ह्याच घरात परत येईन. आन् पळायला आपण काय कुणाची शेळी चोरलीय?"

"मग काय करायचं?"

"तू शीक. मी हितंच हाय. मी कुठं बी जायना."

प्रेम गेला. तो नजरेआड होईपर्यंत ती उभी राहिली, आणि मग पेंढीवर बसून पोटभर रडली. रडून झाल्यावर उरलेल्या पेंढ्या बांधल्या, कारण त्या बांधायला दुसरं कुणी नव्हतं.

एवढ्यावर ग्यानोबाचं समाधान झालं नाही. त्यानं बोरीच्या फांद्या तोडून आणल्या आणि बांधावरची पायवाट त्या काट्यांनी गच्च बुजवून टाकली. ज्या वाटेनं साहेबराव नऊ वर्षं ग्यानोबाच्याच बैलांना पाणी पाजायला गेला, ती वाट. आता साहेबराव आणि त्याची म्हातारी आई नागुबाई ओढ्याच्या अंगानं मोठा वळसा घेऊन आपल्या रानात जाऊ लागली. ओढ्यात चिखल होता. नागुबाईचे गुडघे कधीच कामातून गेलेले. ती मधे मधे थांबायची, काठीवर हनुवटी टेकून दम घ्यायची, परत चालायची. तनुजा तुरीतून हे बघायची. तुरीच्या बुडख्यांनी पोटऱ्या ओरबाडून निघत होत्या, तळहाताला फोड येऊन फुटले होते, पण नागुबाई ओढ्यात उतरली की तिला आपल्या हातापायाचं काही वाटेनासं व्हायचं. माझ्यामुळं, एवढंच वाटायचं.

मार्गशीर्ष सरत आला तसं घरात कुजबुज सुरू झाली. रेणापुरात खताचं दुकान चालवणारा मल्लिनाथ, जो खताबरोबर सोयरिकीही जुळवून देई, त्यानं औशाकडचं स्थळ आणलं. मुलगा सत्यम, अठ्ठावीस वर्षांचा, बापाची आडत. देणंघेणं काही नाही, फक्त घाई. माघात उरकून टाकायचं. पोरीला अठरा भरायला थोडा वेळ होता, तर मल्लिनाथ म्हणाला म्हणे, थोड्या दिवसानं काय आभाळ फाटतंय.

ग्यानोबानं पाव्हण्यांना बोलावलं ते येळवसाच्या दिवशी, रानात. यात त्याची मोठी अक्कल होती. येळ अमावास्येला आमच्या भागात गावात कुत्रं राहत नाही. सगळी माणसं आपापल्या रानात, पूजा करून तिथंच जेवायला. तेव्हा पाव्हण्यांच्या कानाला लागायला, तुमची होणारी सून कुणाच्या बाटलीनं पाणी प्यायली ते सांगायला, गावात कुणी असणारच नाही. पाव्हण्यांनी रानात जेवावं, तिथंच सुपारी फोडावी, आणि जीपमध्ये बसून परस्पर जावं. ग्यानोबा स्वतःवर खूश होता.

फक्त एक गोष्ट तो विसरला. येळवसाच्या दिवशी रानातून जेवायची हाक आली की नाही म्हणता येत नाही. पोट तुडुंब भरलेलं असलं तरी 'आलो' म्हणायचं, जायचं, घासभर खाऊन यायचं. वैऱ्याच्या हाकेलाही 'आलो' म्हणतात. हाक मोडली तर पिकाला लागतं, असं जुनी माणसं मानतात. आता विसरला कसा, तर त्याला विसरायची सवयच होती. साहेबरावाच्या घरानं छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर रानातले पांडव पुजणं सोडलं होतं, पण येळवसाचं जेवण सोडलं नव्हतं. नागुबाई म्हणायची, देवाला न्हाई, रानाला जेवू घालायचं. ती दर वर्षी बांधावर येऊन ग्यानोबाच्या घराला हाक मारायची. ग्यानोबाच्या घरचे दर वर्षी 'आलो' म्हणायचे आणि जायचे नाहीत. उलट साहेबरावाचं घर इकडं यायचं, कडब्याच्या खोपटाच्या, म्हणजे कोपीच्या, बाहेर लांब बसून पत्रावळीवर जेवायचं आणि पत्रावळी स्वतः उचलून न्यायचं. ते 'आलो' म्हणजे 'येत नाही', हे दोन्ही बांधांना पाठ होतं. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, किंवा ज्यांना वाटत होतं ते बोलत नव्हते.

आदल्या दिवशी केवळाबाई भज्जीसाठी, येळवसाच्या मिसळीच्या भाजीसाठी, ओल्या शेंगा सोलत बसली होती. तनुजा समोर बसली आणि सरळ म्हणाली, मला हे लगीन करायचं न्हाई. केवळाबाईनं सोलणं थांबवलं नाही.

"माझं पंधराव्यात झालं. मला कुणी इचारलं व्हतं?"

"न्हाई इचारलं, माय. म्हणून तरी तू मला इचार."

केवळाबाईचा हात शेंगेवरच राहिला. मग तिनं सोललेल्या शेंगांची टोपली उचलली आणि उठून आत गेली. दाराआडून तिनं एवढंच सांगितलं की उद्या हिरवं लुगडं नेस आणि पाव्हण्यांसमोर मान वर करू नकोस.

तनुजा हिरवं लुगडं नेसली. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन ती रानात गेली. हरभरा घाट्यावर आला होता, ज्वारीला वारं झोंबत होतं. हरिओमनं कडब्याची कोप उभी केली होती, तीही एका अंगाला कललेली. आत पांडव, म्हणजे चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांच्यावर नवी शाल. पाव्हणे आले. सत्यम, त्याचा बाप, मल्लिनाथ, आणि सत्यमची आजी लक्ष्मीबाई. म्हातारी चांगली ठणठणीत होती. तिनं कोपीकडं बघितलं, कल बघितला, आणि काही न बोलता एक पेंढी सरळ केली.

पूजा झाली. ग्यानोबानं रानात आंबील शिंपडलं. पानं मांडली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आंबील. सत्यमनं तनुजाकडं एकदा बघितलं आणि मग मोबाईलकडं बघत राहिला. तो काही वाईट मुलगा नव्हता, त्यालाही कुणी विचारलं नसावं. जेवण उरकलं की सुपारी, असं मल्लिनाथनं डोळ्यानंच ग्यानोबाला सांगितलं. सुपारी त्याच्या खिशात होती. तनुजाला ती खिशावरून दिसत होती. एकदा ती फुटली की माणसं सोयरीक तोडणार नाहीत, पोरीलाच तोडतील, हे तिला कळत होतं.

इतक्यात हाक आली.

"या हो, येळवसाला या."

नागुबाई होती. पलीकडच्या बांधावर, बोरीच्या काट्यांमागं, काठी टेकून उभी. या वर्षी ती हाक मारेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नातवाची भुवई फुटली, पोराचं काम गेलं, वाट बुजली, तरी म्हातारी ओढ्यातून चिखल तुडवत आली आणि रिवाजाप्रमाणं हाक देऊन उभी राहिली. तिला भांडता येत नव्हतं. तिला एवढंच येत होतं.

ग्यानोबाकडून, केवळाबाईकडून, हरिओमकडून, कुणाकडूनच 'आलो' निघेना. तेव्हा लक्ष्मीबाईच खणखणीत आवाजात म्हणाली, "आलो गं माय, आलो."

म्हणाली आणि पानावरून हात झटकत उठलीसुद्धा.

ग्यानोबा आडवा आला. तो म्हणाला, बसा, बसा, ते काही नाही, आमचा जुना गडी आहे. लक्ष्मीबाई म्हणाली, गडी असला म्हणून काय झालं. मल्लिनाथनं तिच्या कानाशी लागून ते कोणत्या वस्तीतले हे सांगितलं. म्हातारी जुन्या वळणाची, क्षणभर थबकली. मग म्हणाली, "बांधापातुर जाऊन घासभर घेते. हाक मोडून पोराचं मंगल कसं बोलावं?"

ती तरातरा निघाली, आणि तिच्यामागं सगळीच निघाली, दुसरं काय करणार. बांधापाशी येऊन म्हातारीनं काट्यांचा तो ढीग बघितला.

"येळवसाला वाट बंद? का म्हणून?"

 ग्यानोबाचं तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं तर सोयरीक जाते. जात सांगावी तर पलीकडच्या बांधावर बौद्ध वस्तीतली दोन पोरं मोबाईलवर चित्र घेत उभी. आणि आता सगळ्याच बांधांवर माणसं दिसू लागली होती. गाव रिकामं करून आलेलं सगळं गाव इथंच होतं, हातात उंडे घेऊन बघत. ग्यानोबाची अक्कल अशी त्याच्याच अंगणात येऊन उभी राहिली.

"मी सांगते, आजी," तनुजा म्हणाली.

केवळाबाईनं मागून तिचा पदर धरला. तनुजानं तो सोडवून घेतला, हळूच, आईचं बोट न बोट सोडवून.

"माझ्यामुळं बंद केलीय. ह्यांच्या घरचा प्रेम मला आवडतो. तो हितं न्हाई, नांदेडला हाय. मी पळून गेले न्हाई अन् जाणार बी न्हाई. पण हे लगीन मी करणार न्हाई. तुम्हाला ठावं असू द्या."

 सत्यमचा बाप मल्लिनाथवर खेकसला. सत्यमनं मोबाईल खिशात टाकला आणि तनुजाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. लक्ष्मीबाईनंही बघितलं, बराच वेळ.

"पोरी, हे तू माझ्या घरात येऊन बोलली असतीस तर तू बी बुडाली असतीस, माझं घर बी. आत्ताच बोललीस ते ब्येस केलंस." आणि ग्यानोबाकडं वळून म्हणाली, "पाव्हण्याला जेवू घालून फसवून राहिलाव व्हय?"

ती पलीकडं गेली नाही. तेवढं तिच्या हातून झालं नाही. पण ग्यानोबाच्या पानावरही परत बसली नाही. जीपकडं चालू लागली, आणि मल्लिनाथ खिशातली सुपारी चाचपत मागून.

तनुजा खाली वाकली आणि बोरीची पहिली फांदी ओढली. बोरीचा काटा वाकडा असतो, एकदा धरला की सोडत नाही. दुसरी फांदी, तिसरी. हिरव्या लुगड्याचा पदर अडकला, तो तिनं टरकन फाडून घेतला. हरिओम धावत आला आणि त्यानं तिचा दंड पिरगाळला.

"मार," ती म्हणाली. "फाट्यावर तिघं व्हते तुम्ही. आज एकटाच हाईस. मार, सगळे बघून राहिलेत."

हरिओमनं आजूबाजूला बघितलं. बांधावरचं गाव उंडे खायचं थांबलं होतं. त्यानं दंड सोडला.

वाट माणूस जाईल एवढी मोकळी झाली. तनुजा पलीकडं गेली. आता सगळं झालं असं तिला वाटत होतं, पण नागुबाई हात आडवा धरून उभी होती.

"थांब पोरी. घासभर चारायला मला काय जड हाय? पण तू जेवून जाशील. उद्या आमच्या दारात कोण येईल?"

 हा विचार तनुजानं केलाच नव्हता. आपलं धाडस आपल्या अंगावर, एवढंच तिनं धरलं होतं. धाडसाची झळ शेजारच्या छपरालाही लागते, हे सतराव्या वर्षी कुणाला सुचतं. ती ओशाळली.

"मी इचार केला न्हाई, नागुमाय. जाऊ का माघारी?"

नागुबाई काही बोलायच्या आत साहेबराव पुढं आला. नऊ वर्षांत त्याची मान ग्यानोबासमोर कधी सरळ झालेली कुणी बघितली नव्हती. आता तो आधी आईशी बोलला.

"काम गेलं, वाट गेली, पोरगं गाव सोडून गेलं. अजून काय न्यायचं ऱ्हायलंय? हाक आपण दिली, माय. हाक देऊन आलेलं माणूस माघारी लावायचं न्हाई."

मग तो बांधापर्यंत चालत आला आणि पलीकडं बघत मोठ्यानं बोलला. मालक म्हणाला नाही.

"ग्यानोबाराव, तुमची लेक आमच्या रानात जेवून राहिलीय. जेवली की येईल."

तनुजा लिंबाखाली बसली. नागुबाईनं पान वाढलं. भज्जी तीच, उंडा तोच, मीठ थोडं जास्त. तनुजाचे हात रक्ताळले होते, तिखट झोंबत होतं. ती घाईनं जेवली नाही. सगळं खाल्लं, मागून घेतलं, आणि शेवटी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून प्यायली, सगळ्या बांधांच्या देखत. मग उठली, पत्रावळी उचलायला वाकली. नागुबाई म्हणाली, ठेव, पाव्हण्यानं उचलायची नसती. तनुजाच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. इतकी वर्षं हीच म्हातारी त्यांच्या रानातून आपली पत्रावळी उचलून नेत होती.

ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं ती परत आली आणि रिकामं आंबिलाचं मडकं उचलून घरी गेली.

घरी ग्यानोबानं बैलाचा कासरा काढला. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. तो मारत होता आणि विचारत होता, तोंड काळं करायचं होतं तर पळून का गेली नाहीस. पळालेल्या पोरीचं काय करायचं ते गावाला येतं. न पळालेल्या पोरीचं काय करायचं हे ग्यानोबाला कुणी शिकवलं नव्हतं. तनुजा एकच सांगत राहिली, मी हितंच ऱ्हाणार हाय, अन् लगीन करणार न्हाई. केवळाबाई चुलीपाशी उभी होती. तिनं मधे यायला पाऊल टाकलं नाही. भाकरी करपली, तीही तिनं उलटली नाही.

तिन्हीसांजेला ग्यानोबानं जाऊन वाट परत बुजवली. सकाळी तनुजा, पाठ सुजलेली, तुरी काढायला निघाली. आधी बांधावर गेली आणि सगळ्या फांद्या ओढून बाजूला टाकल्या. मग तुरीला लागली. संध्याकाळी ग्यानोबानं त्या परत टाकल्या. सकाळी तिनं परत काढल्या. हे असं रोजचं होऊन बसलं. तो शिव्या द्यायचा, ती ऐकायची. तो कंबर धरत नव्या फांद्या तोडून आणायचा, ती उपसायची. बौद्ध वस्तीतली पोरं आता साहेबरावाला एकटं पाठवत नव्हती, दोघंतिघं बरोबर असत, आणि ती उघड्या वाटेनं ताठ चालत जायची. नागुबाईही त्याच वाटेनं जायची. जाताना तनुजाकडं बघायची, बोलायची नाही. गाव आधी हसलं, मग तावातावानं बोललं, मग त्याला कंटाळा आला. तनुजाला कंटाळा आला नाही.

तूर निघाली. खळ्यावर पेंढ्या पडल्या. कॉलेजात परीक्षेच्या तयारीचे वर्ग सुरू झाल्याचं तिला कळलं होतं, तरी तिकडं जाऊ द्यायचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. त्याचाच विचार करत एका सकाळी ती धुक्यातून बांधावर गेली, तर वाट मोकळी.

फांद्या उपसून नीट बाजूला रचलेल्या होत्या. तिच्यासारख्या फेकलेल्या नव्हत्या, बायका सरपण रचतात तशा. साहेबराव आणि पोरं तेवढ्यात गावाकडून येताना दिसली. तिनं विचारलं. साहेबराव म्हणाला, "न्हाई बाई, आम्ही आत्ताच येऊन राहिलोय."

ती परत घरी आली. ग्यानोबा बैलांकडं गेला होता, हरिओम अजून अंथरुणात होता. केवळाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, एकाच हातानं. दुसरा मांडीवर उताणा. भाकरी वाकडी होत होती. तनुजा दारातच थांबली.

"बघतीस काय?" केवळाबाई म्हणाली. "सुई आण. बोरीचा हाय, आत मोडलाय. माझी नजर पोचत न्हाई."

तनुजानं सुई आणली, चुलीवर तापवली, आणि आईचा हात उजेडात धरला. तळहातभर ओरखडे होते. काटा खोल होता. ती टोकरू लागली तसा केवळाबाईनं ओठ दाबून धरला, पण हात मागं घेतला नाही. थोड्या वेळानं चुलीकडं बघतच तिनं विचारलं, रेणापूरची सकाळची गाडी अजून तीच हाय का.

"हाव," तनुजा म्हणाली. "का?"

"मग लौकर काढ. हुकंल."